ठाण्याच्या बंदरातले पाच पाहुणे

मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे इंग्रजी अमदानीतला, छापखाना आणि शाळा काढणारा पाद्री उभा राहतो. फार मागे गेलो तर पोर्तुगीज. परंतु वास्को द गामा यायला अजून पावणेदोनशे वर्षे अवकाश होता, तेव्हा १३२१ साली ठाण्याच्या बंदरात पाच ख्रिस्ती धर्मोपदेशक उतरले होते. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस हे चौघे फ्रान्सिस्कन. पाचवा जॉर्डानस, डोमिनिकन. त्यांना जायचे होते कोल्लमला. गलबतवाल्याने आणून सोडले ठाण्यात!

गंमत अशी की, येथे त्यांना उतरायला ख्रिस्ती घरच मिळाले. ठाण्यात तेव्हा नेस्टोरियन पंथाची पंधरा घरे होती, असे मागाहून आलेला ओडोरिक सांगतो. आमच्या कल्याणचा दाखला तर त्याहून जुना. सहाव्या शतकातल्या कोस्मास नावाच्या व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’त इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहिले आहे, आणि ते कल्याणच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

जॉर्डानस भडोचच्या वाटेला लागला आणि इकडे त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने मारले म्हणून बाई काझीकडे गेली. साक्षीदार कोण? तर घरी उतरलेले परदेशी साधू. त्यांना बोलावणे गेले. पण तेथे निघाला धर्माचा वाद. तो विकोपाला गेला, पैगंबरांविषयी कठोर शब्द उच्चारले गेले, आणि ९ एप्रिलला तिघे मारले गेले. पीटर दोन दिवसांनी. मी कादंबऱ्या लिहिणारा मास्तर, म्हणून माझे मन त्या बाईपाशी अडते. चौघांची नावे सातशे वर्षे टिकली. जिच्या तक्रारीवरून हे सारे घडले तिचे नाव नाही, आणि तिच्या तक्रारीचा निकाल काय लागला, तेही कोणी लिहिलेले नाही.

जॉर्डानसने प्रेते सोपाऱ्याला नेऊन पुरली. थोड्याच काळाने होर्मुझहून अठ्ठावीस दिवसांचा प्रवास करून, खिळ्यांऐवजी दोरीने शिवलेल्या गलबतातून ओडोरिक आला. त्याने त्या अस्थी उकरून थेट चीनला नेल्या. वाटेत वारा पडला, तेव्हा त्यातले एक हाड गुपचूप समुद्रात टाकताच वारा सुटला, असे तो लिहितो. विश्वास ठेवायचा की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

मला मात्र मोठा वाटतो तो मागे उरलेला जॉर्डानस. मरणाऱ्यांचे एका दिवसात आटोपले. हा एकटा ठाणे-सोपाऱ्याच्या टापूत हिंडत राहिला. ठाणे आणि सोपारा यांच्या दरम्यान त्याने पस्तीस जणांना बाप्तिस्मा दिला. चाचे, तुरुंग, निंदा, सारे सोसले. ठाण्याहून धाडलेल्या पत्रात आणखी सोबती पाठवा म्हणून विनवले. पुढे १३२९ साली पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले.

आणि एवढे भोगूनही त्याने हिंदुस्थानावर जे पुस्तक लिहिले त्यात कडवटपणा थोडा, नवल फार. अग्नीची पूजा करणारे लोक आपली प्रेते बिनछपराच्या बुरुजात ठेवतात, हे त्याने टिपले. ताडी, नारळ आणि आंबा यांची वाखाणणी केली. फणसाविषयी तर तो लिहितो की, फळ एवढे थोरले असते की एकच पाच माणसांना पुरते.