रतनवाडी : प्रवरेचे माहेर

इतिहास म्हटला म्हणजे राजधान्या व रणांगणे एवढीच आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु लहानशा वाडीसही इतिहास असतो, हे आम्हांस अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या रतनवाडीने शिकविले.

रतनगडाच्या पायथ्याशी थोडीशी घरे, भाताची खाचरे, शेजारी अमृतेश्वराचे प्राचीन कोरीव मंदिर व पुष्करिणी, एवढाच येथील पसारा. वस्ती मुख्यतः महादेव कोळी बांधवांची. भात, नागली, वरई ही पिके; रानातील हिरडा हा आधार. पश्चिमेस सह्याद्रीचा कडा कोकणात उतरतो. कड्यापलीकडचा पाऊस अरबी समुद्रास मिळतो. अलीकडचा प्रवरेतून गोदावरीत व पुढे बंगालच्या उपसागरात जातो.

१९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि या खोऱ्यात जलाशय पसरला. त्याच्या पाण्यावर खाली राहुरी-श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना निघाला. या डोंगरपट्ट्यातील खडकाळ उतारावर मात्र पाणी ठरत नाही. म्हणून एवढ्या पावसाच्या मुलखातही कित्येक वाड्यांस उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

भूगोल शिकविताना आम्ही मुलांकडून नकाशावर प्रवरेची निळी रेघ अनेकदा काढून घेतली. ती रेघ जेथे सुरू होते तेथेही माणसे राहतात, हे सांगावयाचे मात्र राहून गेले. ते आज येथे लिहून ठेवीत आहो. आपल्या घरच्या मुलांस त्यांच्या गावचे पाणी कोठून येते हे वडीलधाऱ्यांनी अवश्य सांगावे, एवढीच विनंती.