शुष्क वजन : अपोहन-उपचारातील पाण्याच्या प्रश्नाचा इतिहास

कृत्रिम मूत्रपिंडाचा इतिहास बहुधा रक्तातील युरिया काढून टाकण्याच्या प्रयत्नांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु ज्याचे मूत्र बंद झाले आहे अशा रोग्याला साठलेल्या पाण्याचा धोकाही तितकाच असतो. फुप्फुसांत पाणी भरून तो काही तासांत दगावू शकतो. ह्या दुसऱ्या धोक्याची जाणीव वैद्यकाला क्रमाक्रमाने झाली आणि मध्यंतरी ती काहीशी मंदावलीही.

हॉलंडमधील कांपेन येथे विलेम कोल्फ ह्यांनी १९४३ साली वापरात आणलेल्या यंत्रात सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळलेली असून पिंपाचा खालचा भाग उघड्या द्रोणीतील द्रावणात बुडालेला असे. १९४५ च्या सप्टेंबरात ह्या यंत्राने एका ६७ वर्षांच्या स्त्रीचे प्राण वाचले. तथापि उघड्या द्रोणीत दाब हवा तसा राखता येत नसे. पाणी काढावयाचे तर द्रावणात साखर वाढवून ते ओढून घ्यावे लागे. स्वीडनमधील लुंड येथे निल्स आल्वाल ह्यांनी नेमके हेच वैगुण्य हेरले. त्यांनी नळी दोन ताठ नळकांड्यांमध्ये आवळून ती बंद पात्रात ठेवली आणि दाबाच्या फरकाने पाणी गाळून काढण्याची, म्हणजे अतिगालनाची, सोय केली. १९४६ साली हे यंत्र रोग्यावर वापरले गेले. पुढे १९५३ मध्ये आल्वाल व त्यांचे सहकारी ह्यांनी अशा रोग्यांच्या क्ष-किरण चित्रांतील फुप्फुसांची छाया ही विषाची नसून साठलेल्या पाण्याची असावी, असा प्रश्न उपस्थित केला. रोगाचे निदान व यंत्राची रचना ह्यांचा इतका निकट संबंध क्वचितच आढळतो.

१९६० च्या मार्चमध्ये सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर ह्यांनी टेफ्लॉनच्या जोडनळीच्या साहाय्याने क्लाइड शील्ड्स ह्या रोग्यावर नियमित अपोहन सुरू केले. त्याचा भयंकर वाढलेला रक्तदाब अतिगालनाने व मीठ कमी करून आटोक्यात आला. तो १९७१ पर्यंत जगला. 'शुष्क वजन' ही कल्पना १९६७ मध्ये थॉमसन आदींच्या लेखात स्पष्ट स्वरूपात आली: अन्य कारण नसताना, पाणी काढता काढता ज्या वजनाला रक्तदाब खाली घसरू लागतो, ते वजन. व्याख्या ओबडधोबड खरी, पण खाटेपाशी उपयोगी पडणारी. कारण घोट्यावर सूज दिसेपर्यंत शरीरात कित्येक लिटर पाणी साचलेले असते. सूज नाही म्हणून पाणी नाही, हा निष्कर्ष फसवा ठरतो. म्हणूनच दोन बैठकींमधील वजनवाढ, मानेच्या फुगलेल्या शिरा, आडवे पडल्यावर लागणारी धाप आणि चढता रक्तदाब ही चिन्हे एकत्र पाहावी लागतात.

प्रतिबंधाचे मर्म मिठात आहे. सुमारे ९ ग्रॅम मीठ शरीरात राहिले की त्याच्याबरोबर जवळजवळ १ लिटर पाणी राहते. तहान मिठामागोमाग येते, म्हणून मीठ न तोडता केवळ पाणी मोजून देण्याचा उपदेश बहुधा व्यर्थ जातो. फ्रान्समधील तासँ येथे आठ तासांची संथ अपोहने व अल्प मिठाचा आहार ह्यांच्या जोरावर बहुसंख्य रोग्यांचा रक्तदाब औषधांवाचून ताब्यात राहिला. शुष्क वजन गाठल्यावरही रक्तदाब उतरण्यास कित्येक आठवडे लागतात, हेही बेर्नार शारा ह्यांनी तेथेच दाखवून दिले.

अमेरिकेत मात्र १९८० नंतर युरियाच्या निष्कासनाचे गणित प्रमाण मानले गेले आणि उपचाराचा अवधी आखडला. युरिया वेगाने निघतो. ऊतींतील पाणी रक्तवाहिन्यांत परतण्यास वेळ घेते. घाईने पाणी काढले की रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, बैठक अर्धवट सोडावी लागते आणि रोगी पाणी घेऊनच घरी जातो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दर किलो वजनामागे ताशी १३ मिलिलिटरहून अधिक वेगाने पाणी काढलेल्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. आज फुप्फुसांचे ध्वनिचित्रण व शरीराच्या विद्युत्‌-रोधाचे मापन हाताशी आहे. तरीही रोग्याचे खरे मांस घटून त्याची जागा पाण्याने घेतली असेल तर काट्यावरील आकडा तोच राहतो, आणि शुष्क वजन पुन्हा नव्याने ठरवावे लागते.