किल्ला नसलेले डोंगर

मूळ गाव परभणी सांगितलं की टीममधली मंडळी हमखास विचारतात, "तिकडे डोंगर आहेत?" पुण्यात राहून ट्रेक म्हणजे राजगड-तोरणा हे डोक्यात इतकं पक्कं बसतं, की त्यांना तरी काय बोलणार!

आहेत हो डोंगर. अजिंठ्याची रांग पूर्वेकडे उतरत येते ती आमच्या जिंतूर तालुक्यात, आणि तशीच पुढे निर्मळ रांग म्हणून तेलंगणाकडे सरकते. दगड तोच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. शाळेच्या सहलींत हे डोंगर खूप भटकलो होतो. यंदा दिवाळीनंतर वीकेंडला एक सुट्टी जोडली आणि चारठाणा ते जिंतूर, तिथून येलदरी असं तीन दिवस पायी हिंडून आलो.

किल्ला मात्र एकही लागला नाही. मला विचाराल तर कारण साधं आहे. सह्याद्रीतले बरेचसे किल्ले कोकणातून वर येणाऱ्या घाटांवर नजर ठेवायला. इथे अडवायला तसा घाटच नाही! देवगिरीचा अपवाद सोडा, पण मराठवाड्यातले कंधार, उदगीर हे मोठे किल्ले भुईकोटच आहेत. आणि आपण इतिहास मोजतो किल्ल्यांवर, म्हणून हे डोंगर कुणाच्याच यादीत नाहीत.

चारठाण्यात यादवांच्या काळातली देवळं आहेत. गावाच्या मधोमध, घरांना खेटून. कोरीव स्तंभ तर मान वर करून बघत राहावा असा. या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतात, पण हेमाडपंत तेराव्या शतकातला, आणि ही बांधणी त्याच्या आधीपासूनची. नाव मात्र त्याचं झालं. (प्रोजेक्ट मॅनेजरची परंपरा जुनीच दिसते!) असो.

दुसऱ्या दिवशी जिंतूरजवळची नेमगिरी. टेकडीच्या पोटात जैन गुंफा आहेत, दारं इतकी बुटकी की सॅक काढून, वाकूनच आत जावं लागतं. आतली पार्श्वनाथाची मूर्ती 'अंतरिक्ष' म्हणून ओळखली जाते, कारण तिचा सगळा भार एका लहानशा दगडावर तोललेला. बाहेर रणरणतं ऊन आणि आत गारवा. इथे बराच वेळ नुसता बसून राहिलो.

वाटेत शेळ्या राखणारे एक मामा भेटले. येलदरीला चालत निघालोय म्हटल्यावर म्हणाले, "चालत? तिथं काय ठुलंय बाबा?"

तिथे काय ठेवलंय, तर पूर्णा नदीवरचं धरण, १९६८ सालचं. क्षमता ९३४ दशलक्ष घनमीटर. माझ्या मते या डोंगरांचा सगळ्यात महत्त्वाचा इतिहास हाच, आणि तो यादवांचा नाही, आपल्या आजोबांच्या पिढीचा आहे. पाणी इथे साठतं, वीजघरातून खाली सुटतं आणि सिद्धेश्वर धरणात जातं. शेतीचे मोठे कालवे निघतात ते तिथून. वसमतची हळद त्या भागातली. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा सिद्धेश्वर आणि वसमत दोन्ही तिकडे गेले. म्हणजे ज्या डोंगरांनी पाणी धरून ठेवायला जागा दिली, त्यांच्या माथ्यावर शेती पावसाच्याच भरवशावर. गुरुत्वाकर्षण आहे, कुणाला दोष देणार? पण कालव्याखालचा ऊस आणि इथली हलकी जमीन एकाच प्रवासात पाहिली, की 'विकासाचा अनुशेष' हा शब्द वर्तमानपत्रातल्यासारखा कोरडा राहत नाही.

भिंतीजवळ उभं राहिलं की पलीकडचा काठ धूसर दिसतो. पाण्याखाली शेतं आहेत, पायवाटा आहेत. चारठाण्याच्या स्तंभाचे फोटो काढायला कुणीतरी येतं तरी. या बुडालेल्या वाटांचा इतिहास अजून म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातच आहे, आणि ती माणसं आता ऐंशीच्या पुढची.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते जानेवारी बरं. सीताफळं मिळाली तर सोडू नका. आणि पाणी मात्र घरूनच भरून न्या, डोंगरावर मिळेल या भरवशावर राहू नका.