धानाच्या ओलाव्याचा आकडा: एका मापाचा मागोवा

दिवाळी सरली की गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातल्या बांध्या मोकळ्या होऊ लागतात. पुंजणे फोडून धान चुरले जाते, आणि आदिवासी विविध कार्यकारी (आविका) संस्थांच्या आधारभूत खरेदी केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागतात. धान काट्यावर चढण्याआधी त्याचा नमुना एका लहानशा यंत्रात जातो आणि पडद्यावर एक आकडा उमटतो. तो 17 टक्क्यांच्या आत असला तर माल घेण्यायोग्य, वर गेला तर पुन्हा उन्हात पसरायचा. वर्षभराच्या कष्टाचा निकाल त्या आकड्यावर ठरतो. यंत्र मात्र धानातले पाणी थेट मोजत नाही. दाणे आणि त्यांच्यामधली हवा यांचे मिश्रण विजेला कसा प्रतिसाद देते, एवढेच त्याला कळते. त्यावरून ओलावा काढलेला असतो. एका पदार्थाचे कण दुसऱ्यात विखुरले असता ते मिश्रण विजेशी कसे वागते, या प्रश्नाचा माग काढत गेलो की आपण जवळजवळ दोनशे वर्षे मागे, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जाऊन पोहोचतो.

1837 साली मायकेल फॅरेडेने तिथे पितळेचे दोन पोकळ गोल एकात एक बसवले. मधल्या पोकळीत कधी हवा ठेवली, कधी गंधक, कधी काच, तर कधी लाख. ही लाख आपल्याला परकी नाही. पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवर किडे तिचा थर चढवतात, आणि त्या काळी हिंदुस्थानातून ती जगभर जात असे. फॅरेडेला दिसले, की मधला पदार्थ बदलला की त्या गोलांची विद्युतभार साठवण्याची क्षमता, म्हणजेच धारिता, बदलते. ज्यातून वीज वाहत नाही असा पदार्थही विजेच्या क्षेत्रात निष्क्रिय बसत नाही, ही गोष्ट तिथे सिद्ध झाली. पुढे या गुणाला डायइलेक्ट्रिक स्थिरांक म्हणू लागले. हवेचा स्थिरांक 1 च्या जवळ, कोरड्या धान्याचा साधारण 2 ते 4 च्या घरात, आणि पाण्याचा तब्बल 80 च्या आसपास. धानातला थोडासा ओलावाही विजेला जाणवतो तो या तफावतीमुळे.

पण फॅरेडेपुढचे पदार्थ एकसंध होते, आणि निसर्गात एकसंध असे फार थोडे सापडते. रक्त, दूध, माती, धान्याची रास ही सारी मिश्रणेच. त्यांचे गणित मांडण्याचा पहिला यत्न इटलीच्या ओत्ताव्हिआनो मोसोत्तीने 1850 च्या सुमारास केला. 1879 मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ क्लाउसिउसने त्याला नेटके रूप दिले. या दोघांच्या मधे, 1873 साली, जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा विद्युत आणि चुंबकत्वावरचा मोठा ग्रंथ आला. एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे बारीक गोल विरळ विखुरले असतील तर त्या साऱ्याचा मिळून विद्युतरोध किती, याचे सूत्र त्यात आहे. 1914 मध्ये कार्ल विली वाग्नर या जर्मन अभियंत्याने तेच गणित बदलत्या विजेला लावले. दोन पदार्थांच्या सीमेवर विद्युतभार साचायला वेळ लागतो. वीज सावकाश दिशा बदलत असेल तर त्याला सवड मिळते, भराभर बदलत असेल तर मिळत नाही. म्हणून एकाच मिश्रणाची धारिता कमी वारंवारतेला जास्त आणि उच्च वारंवारतेला कमी भरते. हा सीमेवरचा परिणाम आजही मॅक्सवेल आणि वाग्नर या दोघांच्या नावाने ओळखला जातो.

इथून आपली वाट धान्याआधी रक्ताकडे वळते. तांबड्या पेशी साध्या विजेला अडवतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठाऊक झाले होते. मग पेशी आतून रोधक असते, की तिचे केवळ आवरण? 1910 साली रुडॉल्फ होबर या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने रक्तपेशींना उच्च वारंवारतेच्या विजेने पारखले. तेव्हा त्या वाहक ठरल्या. आतला द्रव खारट पाण्यासारखा वीज वाहून नेत होता, अडवणूक होती ती पातळ आवरणाची. एकही पेशी न फोडता तिच्या पोटात काय आहे ते त्याने सांगितले. 1933 मध्ये नाझी राजवटीने त्याला पदावरून काढले आणि तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेला. त्याचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, पण या वाटेवरचा मोठा टप्पा त्याचाच.

मूळच्या डेन्मार्कच्या ह्यूगो फ्रिकेने अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये पुढचे पाऊल टाकले. रक्तपेशी गोल नसून चपट्या असतात, हे ध्यानात घेऊन त्याने मॅक्सवेलचे सूत्र सुधारले आणि रक्ताची धारिता मोजली. 1925 साली त्याचे उत्तर आले: पेशीच्या आवरणाची धारिता दर चौरस सेंटिमीटरला 0.81 मायक्रोफॅरड. आवरण तेलकट पदार्थाचे आहे आणि त्याचा स्थिरांक 3 आहे असे धरून जाडी निघाली 3.3 नॅनोमीटर. म्हणजे एकावर एक अशी तीन लाख आवरणे रचली तर कुठे एक मिलिमीटर भरेल. त्याच वर्षी हॉलंडमध्ये खोर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्तपेशींतली चरबी काढून दाखवले, की आवरण मेदाच्या दोन पदरांचे असावे. पेशीचे पटल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते 1950 च्या दशकात. विजेने त्याची जाडी त्याआधी पाव शतक सांगून ठेवली होती.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या विद्येला भरती आली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात हर्मन श्वान यांनी 1957 मध्ये ऊती आणि पेशीमिश्रणांच्या वागण्याचे अल्फा, बीटा आणि गामा असे तीन टप्पे लावून दिले. बीटा हा पेशीपटलाचा, गामा पाण्याच्या रेणूंचा. अल्फा टप्पा मात्र बुचकळ्यात टाकणारा होता. 1962 साली श्वान आणि सहकाऱ्यांनी पाण्यात विखुरलेले प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म गोळे तपासले, तेव्हा कमी वारंवारतेला स्थिरांक हजारोंच्या घरात गेला, पाण्याच्या कितीतरी पट. कणांभोवती जमलेल्या आयनांचा थर पृष्ठभागावरून सरकतो आणि तो हा चमत्कार घडवतो, असे गेरहार्ड श्वार्झ यांनी त्याच वर्षी मांडले. दुसरीकडे दाट मिश्रणांचा प्रश्न उरलाच होता, कारण मॅक्सवेलचे सूत्र विरळ कणांसाठी होते. कण एकदम न घालता थोडे थोडे घालत गेलो असे मानून गणित करायची युक्ती ब्रुखेमान यांनी 1935 मध्ये दाखवली होती; 1960 मध्ये जपानच्या तेत्सुया हनाई यांनी ती तेल-पाण्याच्या दाट पायसांच्या बदलत्या विजेतल्या वागण्याला लावली.

या ज्ञानाची एक फांदी दवाखान्यापर्यंत गेली. 1953 मध्ये वॉलेस कूल्टर यांना अमेरिकेत पेशी मोजण्याच्या यंत्राचे पेटंट मिळाले. खारट पाण्यातली पेशी बारीक छिद्रातून जाते, क्षणभर विजेला अडवते, आणि त्या अडथळ्यावरून पेशी मोजली जाते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे सिकलसेल घरोघरी ठाऊक असलेला आजार आहे, तिथे रुग्णाच्या रक्तपेशी मोजणारी स्वयंचलित यंत्रे बहुतकरून याच तत्त्वावर चालतात. जेम्स हेरिक यांनी शिकागोत या आजारातल्या, कोयत्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले तेही 1910 सालीच, होबरच्या प्रयोगाच्या वर्षी. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण त्यांच्या वाटा आज एकाच तपासणीच्या टेबलावर येऊन मिळतात.

दुसरी फांदी धान्याकडे आली. त्याआधी ओलावा पारखायचा तो दाताखाली दाणा धरून. कट्‌कन तुटला तर सुकलेला, दबला तर ओला. प्रयोगशाळेत धान्य भट्टीत वाळवून वजनातली घट मोजत, आणि आजही खरे प्रमाण तेच. पण त्याला तासन्‌तास लागतात. 1908 मध्ये अमेरिकी कृषिखात्याच्या लायमन ब्रिग्ज यांनी गव्हाचा विद्युतरोध मोजून झटपट ओलावा काढण्याची रीत मांडली. पुढे रोधाच्या जोडीला धारिता आली. त्याच खात्याच्या स्टुअर्ट नेल्सन यांनी अनेक दशके धान्याचे डायइलेक्ट्रिक गुण वारंवारता, तापमान आणि घनतेनुसार मोजले, आणि दाणे व हवेच्या मिश्रणाला लोयेंगा यांचे 1965 चे सूत्र लागू पडते असे दाखवले. महाराष्ट्रातही या विद्येची परंपरा आहे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात एस. सी. मेहरोत्रा यांनी, आणि पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात अशोक कुंभारखाणे यांनी, विजेचा अतिशीघ्र स्पंद नमुन्यावर सोडून परतीच्या लाटेवरून रेणूंची हालचाल वाचणाऱ्या प्रयोगशाळा उभ्या केल्या. त्यांचे काम मुख्यतः द्रवमिश्रणांवरचे असले, तरी मूळ प्रश्न तोच.

आता खरेदी केंद्रावरच्या यंत्राकडे पाहू. धारितेवर चालणाऱ्या यंत्रात धान ओतले की प्याल्याच्या भिंती कपॅसिटरच्या पट्ट्या होतात आणि दाणे व हवा हा त्यांच्यामधला पदार्थ. दाणे दाबून भरले तर हवा कमी, आकडा जास्त. पोकळ भरले तर उलट. म्हणून धान एका उंचीवरून, एका गतीने, हलवाहलव न करता ओतायचे असते. दाणा गार की ऊन, यानेही फरक पडतो. दाण्याच्या गाभ्यातले पाणी पिष्टाला चिकटून असते, ते मोकळ्या पाण्याइतके विजेला वळत नाही. उलट दवाने किंवा अवकाळी पावसाने वरवर भिजलेला दाणा यंत्राला चकवू शकतो. शिवाय वाणागणिक दाण्याचा आकार वेगळा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेले बारीक एचएमटी धान आणि जाड दाण्याचे धान प्याल्यात सारखे बसत नाही. यंत्रात ज्या पिकाचे कोष्टक, म्हणजे धारितेवरून ओलावा काढणारा तक्ता, निवडले, ते कोष्टक ज्या दाण्यांवरून बेतले, त्यांच्याशी समोरचा दाणा जितका मिळता तितका आकडा भरवशाचा.

फॅरेडेच्या पितळी गोलांपासून निघालेली वाट अशी झाडीपट्टीच्या काट्यापर्यंत येते. या साऱ्या वाटेवर एक गोष्ट कुणीही लपवली नाही: मिश्रणावरून आतले वाचायचे तर काही गृहीत धरावेच लागते. फ्रिकेने स्थिरांक 3 धरला आणि तसे लिहून ठेवले. तोच प्रामाणिकपणा धान विकणाऱ्याच्या वाट्याला यायला हवा. आकडा 17 च्या काठावर असेल तर नमुना पुन्हा भरून घ्या म्हणणे, यंत्राची तपासणी कधी झाली ते विचारणे, कोणत्या धानाचे कोष्टक लावले ते पाहणे, ही कुरबुर नव्हे. ज्या शास्त्राने हे यंत्र घडवले, ते याच प्रश्नांवर वाढले आहे. ते विचारण्याचा हक्क जेवढा प्रयोगशाळेचा, तेवढाच पोते घेऊन रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा.