रासायनिक सायकल-कुलूप (कायदेशीर स्थिती)

कापायला घेताच आतला दाबाखालचा, मळमळ आणि उलटी आणणारा वायू चोराच्या तोंडावर सोडणारे कुलूप. 2016 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘स्कंकलॉक’ या पोलादी कुलपासाठी लोकांकडून इंटरनेटवर पैसे उभारले गेले, तेव्हा ही कल्पना जगभर गाजली. ब्रिटनच्या 1968 च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम अपायकारक द्रव वा वायू सोडण्यासाठी बनवलेली शस्त्रे निषिद्ध ठरवते.

भारतात अशा कुलपांसाठी वेगळा कायदा नाही; प्रश्न भारतीय न्याय संहितेवर येतो. तिचे कलम 35 चोरीपासून मालमत्ता वाचवण्याचा हक्क देते, तर कलम 37 गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही. अडचण इथेच आहे. समोर उभा मालक चोर पळाला की हात आवरू शकतो. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेहून अमरावती किंवा वर्ध्याला अपडाऊन करणाऱ्याची सायकल मात्र दिवसभर स्टेशनजवळ एकटी असते. किल्ली हरवली म्हणून बोलावलेला मिस्त्री, शेजारची सायकल ओढणारे पोर, जवळून जाणारा दम्याचा रुग्ण, यांच्यात वायू फरक करत नाही.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा 1963 चा चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा निकाल महत्त्वाचा आहे. आपल्या संडासात परके शिरू नयेत म्हणून आरोपीने उघड्या तारेत वीज सोडली होती. तिला लागून एक स्त्री दगावली. ती विनापरवाना आत आली होती, हा बचाव न्यायालयाने मानला नाही आणि निष्काळजीपणे मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम ठेवली. परक्या जागेत पाऊल टाकल्याने माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, हे त्याचे सार.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. रानडुकरांसाठी कुंपणात थेट करंट सोडल्याने माणसे मेली आहेत, गुन्हे दाखल झाले आहेत. थांबून थांबून हलका धक्का देणारे झटका मशीन मात्र सर्रास वापरात आहे. कुलपालाही हीच कसोटी लावावी: चोराला दचकवणारा भोंगा चालेल, श्वास कोंडणारा वायू नाही.

श्वासावाटे अपाय करणाऱ्या पदार्थाने जाणूनबुजून दुखापत केल्यास संहितेच्या कलम 118 नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पहिल्यांदा सिद्ध झालेल्या साध्या चोरीची कमाल कैदही, कलम 303 नुसार, तीन वर्षेच आहे. शिवाय पाच हजारांखालच्या वस्तूची चोरी पहिल्यांदा सिद्ध झाली आणि वस्तू किंवा तिची किंमत परत मिळाली, तर चोराला केवळ समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणजे जुन्या सायकलीपायी मालकच मोठ्या शिक्षेला पात्र ठरू शकतो. घरी कीटकनाशक भरून असा सापळा करणे तर त्याहून घातक; 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजुरांचे जीव गेले.

सायकल गेलीच, तर चौकटीवरचा क्रमांक आणि खरेदीची पावती कामी येते. जागा लोहमार्ग पोलिसांच्या हद्दीत की शहर ठाण्याच्या, हा वाद, गुन्हा दखलपात्र असेल तर, तक्रारदाराने घालण्याची गरज नाही: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते.