शिडांची सुट्टी

व्यापाराने टाकून दिलेल्या वस्तूला सुट्टीने जवळ करावे, असे जगात क्वचितच घडते. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तिथल्या शिडाच्या जहाजांच्या बाबतीत मात्र ते घडले.

मेनचा किनारा म्हणजे खाड्या, खडक आणि बेटे यांचा गुंताच. एकोणिसाव्या शतकात तिथली ने-आण ‘स्कूनर’ जातीच्या जहाजांवर चाले. बहुधा दोन डोलकाठ्या, मोजके खलाशी, आणि पोटात लाकूड, विटा, ग्रॅनाइट, नाहीतर चुना! यांत चुन्याचे ओझे फार घातकी. कळीच्या चुन्याला गळतीचे पाणी लागले की तो इतका तापे की जहाजाचे लाकूडच पेट घेई. आणि ही आग पाणी ओतून विझवायचीही सोय नाही!

पुढे आगगाडी आली, आगबोट आली, मग मोटार ट्रक आले. स्कूनर ओळीने खाड्यांच्या चिखलात कुजू लागल्या. अशा वेळी, १९३६ साली, कॅम्डेन बंदरात फ्रँक स्विफ्ट या गृहस्थाने ‘मेबल’ नावाची जुनी स्कूनर भाड्याने घेतली आणि मालाऐवजी हौशी पाहुणे न्यायचे ठरवले. पहिल्या सफरीला आल्या बोस्टनच्या अवघ्या तीन स्त्रिया! पण गडी नेटाचा. हळूहळू पाहुणे वाढले, जहाजे वाढली, आणि त्याचे पाहून इतरांनीही तोच धंदा धरला.

आता या सफरीत सुख ते काय, असे तुम्ही विचाराल. झोपायची खोली फळीएवढी. स्वयंपाक लाकडाच्या चुलीवर. शीड चढवताना पाहुण्यांनीही दोराला हात लावायचा. उद्या कुठे जायचे ते वारा आणि भरती-ओहोटी ठरवणार. धुके दाटले की भोंगा वाजवीत सावकाश जायचे. संध्याकाळी एखाद्या बेटाच्या आडोशाला नांगर पडतो, किनाऱ्यावर मोठ्या हंडीत शेवंडे उकडतात, आणि रात्री लाटांची थपथप तेवढी ऐकू येते. परतलेली माणसे वर्षानुवर्षे आठवतात ती हीच थपथप, आणि दोराने लाल झालेले तळहात.

या हौसेनेच जहाजे वाचली. लाकडी जहाज नुसते उभे राहिले की कुजते. चालते राहिले तर फळीमागून फळी बदलून जगते. ‘स्टीफन टेबर’ आणि ‘लुईस आर. फ्रेंच’ या दोन्ही स्कूनर १८७१ सालच्या. त्या आजही पाहुणे घेऊन निघतात. ‘फ्रेंच’वर तर इंजिनच नाही; वारा पडला की एक लहान मोटरबोट तिला मागून ढकलते. पण सगळ्यांचे नशीब असे नाही. तीन डोलकाठ्यांची ‘व्हिक्टरी चाइम्स’ १९०० सालची. मेनच्या नाण्यावर २००३ साली तिच्यासारखी स्कूनर कोरली गेली. तरीही २०२२ नंतर तिने तिथल्या सफरी थांबवल्या. जुन्या लाकडाची डागडुजी खर्चिक, हेच खरे.

आपल्या कोकण किनाऱ्यानेही कौले, भात, नारळ वाहणारी पडाव-फत्तेमारी पाहिली. गोव्यात बांधलेली ‘तरंगिणी’ १९९७ सालापासून नौदलाच्या शिकाऊ तरुणांना शिडाची विद्या शिकवते, आणि २००३-०४ मध्ये ती पृथ्वीप्रदक्षिणाही करून आली. म्हणजे विद्या जिवंत आहे. ज्या घरांत पणजोबांच्या गलबताच्या गोष्टी अजून ठाऊक आहेत, त्यांनी यंदा फराळाच्या वेळी त्या मुलांना जरूर सांगाव्यात. तीन पाहुण्यांवरही सफर निघते, हे मेनने दाखवलेच आहे.