पांढरा कोळसा आणि मावळची माती

खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीच्या बाजूस आले, की डोंगराच्या अंगावरून सरळ खाली धावणारे लोखंडी नळ दिसतात. प्रवासातल्या मुलांना त्यांचे कुतूहल वाटते. मोठ्यांची नजर सरावलेली असते. दिवाळीत मुंबईच्या चाळीचाळींतून आकाशकंदील उजळतात, त्या उजेडाच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण या नळांपाशी सुरू होते. ते जितके अभिमानाचे, तितकेच अवघडही आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई म्हणजे गिरण्या, आणि गिरण्या म्हणजे कोळसा, असेच समीकरण होते. हा कोळसा दूर बंगालातून किंवा परदेशातून यायचा. भाडे भारी आणि धूर फुकट! इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर दरवर्षी पाऊस अक्षरशः कोसळत होता. हे पाणी घाटमाथ्यावर अडवून कोकणच्या बाजूस सोडले तर त्याच्या पडण्यातून वीज निघेल, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग या वास्तुविशारदाने पुढे मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती मनावर घेतली. १९०४ साली जमशेटजी गेले. चिरंजीव दोराबजींनी काम पुढे नेले. १९१० साली कंपनी उभी राहिली. ८ फेब्रुवारी १९११ रोजी लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणाची कोनशिला गव्हर्नर सिडनहॅम यांच्या हस्ते बसली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले.

यातली खरी अडचण वीज निर्माण करण्याची नव्हती, साठवण्याची होती. पाऊस चार महिन्यांचा, गिरण्या बारा महिन्यांच्या. म्हणून वळवण, लोणावळा, शिरवता असे तलाव बांधून पावसाळा जणू रांजणात भरून ठेवला गेला. तिथून सुमारे सतराशे फूट खाली पडणारे पाणी चक्रे फिरवी आणि वीज तारांवरून मुंबईस जाई. आरंभी कचरणारे गिरणीमालक हळूहळू बॉयलर विझवू लागले. लोक या पाण्याला ‘पांढरा कोळसा’ म्हणू लागले. १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा येथील वीजघरे चालू झाली. शंभर वर्षांपूर्वी एका महानगराचे उद्योग कोळशावरून पाण्यावर आणता येतात, हे याच घाटाने दाखवून दिले.

परंतु भिऱ्याचे पाणी ज्या मुळशीच्या तलावातून येते, त्या तलावाखाली मावळ्यांची भातशेते होती, घरे होती, देवळे होती. कायद्याने जमीन घेता येत होती. ती कसणाऱ्याला विचारण्याची गरज त्या कायद्यास वाटत नव्हती. कित्येक जमिनी कागदोपत्री सावकारांच्या नावावर गेल्या होत्या; त्यांना मोबदल्यात रस होता, कुळाला मातीत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. गांधीजींनीही ‘यंग इंडिया’तून टाटांना विचार करण्याची विनंती केली. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. अखेरीस १९२४ साली बापटांनी कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना याच लढ्याने दिली. धरण मात्र झाले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात व्हायला १९७६ साल उजाडावे लागले.

आज हे सारे आठवण्याचे कारण असे, की तोच प्रश्न नव्या वेषात दारी आला आहे. २०३० पर्यंत कोळसा-तेलाविना चालणारी ५०० गिगावॅट क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट भारताने २०२१ साली जाहीर केले. २०२५ साली देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी अशा साधनांची झाली. तरी प्रत्यक्ष वापरातली बहुतेक वीज कोळशाचीच आहे, कारण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि दिवे तेव्हाच लागतात. पुन्हा साठवणच! त्यावर एक उपाय असा: दुपारच्या जादा विजेने पाणी वर चढवायचे, रात्री ते खाली सोडायचे. शंभर युनिटे खर्चून पाऊणशे-ऐंशी परत मिळतात. पण मिळतात हव्या त्या वेळी. भिऱ्यास असा एक संच कित्येक वर्षे आहे, आणि २०२३ साली शिरवता व भिवपुरी येथे असे मोठे प्रकल्प उभारण्याचा करार झाला आहे. घाट तोच, पाणी तेच.

तेव्हा हे जमेल का, या शंकेचे उत्तर खोपोलीने १९१५ सालीच दिले. मुळशीचा प्रश्न वेगळा आहे: कोणाच्या जमिनीवर, कोणाला विचारून आणि कोणाला काय देऊन? भीमेच्या खोऱ्यातले पाणी कोकणात सोडण्याबद्दलचा वाद तर दुष्काळी वर्षी अजूनही उठतो. सौर उद्यानासाठी माळरान हवे असते; पण ज्याला आपण पडीक म्हणतो, तिथे कोणाची तरी गुरे चरत असतात. तिथल्या माणसाला मोबदल्याबरोबर मिळकतीत कायमचा वाटा द्यावा, आणि तोही खणण्याआधी ठरवावा, एवढे तरी शंभर वर्षांत आपण शिकलो असलो पाहिजे.

यंदा कंदिलाचे बटण दाबताना मुलांना खोपोलीची गोष्ट जरूर सांगावी. तिच्या जोडीला मुळशीचीही सांगावी.